करमाळ्याला नेलेली बर्फाची पेटी

धाकट्या बहिणीचं लग्न ठरल्याचं पत्र करमाळ्याहून आलं आणि आनंद व्हायच्या आधी मी दिवस मोजायला लागले. लग्न ऐन वैशाखात. सोलापुरातनं एस.टी.नं जायचं, तिथं चार-पाच दिवस मुक्काम करायचा, आणि बरोबर न्यायचं इन्शुलीन. ते नीट राहिलं तर माझी पोर राहील, नाहीतर नाही. सरळ हिशेब होता.

पोर नऊ वर्षांची. दीड वर्षापूर्वी तिला साखरेचा आजार निघाला. हा आजार म्हाताऱ्याकोताऱ्यांना होतो अशीच आमची समजूत, त्यामुळं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी त्यांनाच वेड्यात काढलं. ते शांतपणे म्हणाले, "बाई, रोज सकाळी एक सुई. जन्मभर. दोन-तीन दिवस चुकली तर मुलगी हाती लागणार नाही."  काचेची सिरिंज उकळायला शिकले, सुई टोचायला शिकले, आणि रडणं न्हाणीघरात उरकायला शिकले.

औषध थंड ठेवायचं असतं. आमच्या घरात फ्रिज कुठला? शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात एकच फ्रिज होता, कोपऱ्यावरच्या थंड पेयाच्या दुकानात. दुकानदार भला माणूस. सोड्याच्या बाटल्यांमागं आमची बाटली ठेवून घ्यायचा. रोज सकाळी त्यानं दुकानाच्या फळ्या काढायच्या आधी मी दारात उभी. "उघडतोय की ताई, जरा दम धरा," तो रोज म्हणायचा आणि मी रोज धरत नसे. त्याला मी सांगितलं होतं, ह्यांचं औषध आहे. म्हणजे माझ्या नवऱ्याचं. पोरीच्या जातीला रोग आहे हे चारचौघांत सांगायचं नसतं, उद्या तिला उजवायची आहे, असं सासरच्यांनी, माहेरच्यांनी, सगळ्यांनी मला बजावलं होतं, आणि मलाही ते पटलं होतं. त्यामुळं मिलच्या हापिसात कारकुनी करणारा माझा धडधाकट नवरा बोळात आजारी म्हणून प्रसिद्ध झाला. लोक त्याची चौकशी करायचे आणि तो बिचारा खोटंखोटं खोकायचा.

दीड वर्षात मी कुठं मुक्कामाला गेले नव्हते. फ्रिजपासून लांब जाणार कशी? लोक म्हणायचे, हिला लई शिष्टपणा आलाय. म्हणेनात का. पण हे बहिणीचं लग्न होतं. आई-वडील दोघंही गेलेले. अण्णांनी, माझ्या थोरल्या भावानं, पत्रात एकच ओळ जास्तीची लिहिली होती: तू आली नाहीस तर तिच्या पाठीशी आईच्या जागी कोण उभं राहायचं?

हे म्हणाले, "तू जा. मी आणि पोर हितंच राहतो."

"आणि सुई कोण देणार? तुम्ही? टाचणी टोचली तर तुम्हाला घेरी येती."

 दुसऱ्या दिवशी हे हापिसातल्या साहेबांकडनं एक इंग्रजी मासिक घेऊन आले. त्यात एक रंगीत चित्र होतं. नदीकाठी तंबू, मोटार, गोरं कुटुंब, आणि मोटारीला वायर जोडलेली एक छोटी पेटी. "हा बघ, प्रवासात न्यायचा फ्रिज. मोटारीवर चालतो."

"मग आधी मोटार आणा की," मी म्हणाले. चित्रात माझ्या पोरीएवढीच एक मुलगी त्या पेटीजवळ बसून आइस्क्रीम खात होती. मला तिचा इतका राग आला की मी ते पान टर्रकन फाडलं. मासिक साहेबांचं होतं. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पण डोक्यात पेटी शिरली ती शिरलीच. आता प्रश्न हा, की कशात नेलं तर औषध नक्की थंड राहील, हे कळायचं कसं? खरं औषध पणाला लावून बघता येत नाही. उपाय मलाच सुचला. खोबरेल तेल थंडीत थिजतं आणि उन्हाळ्यात पाणी होतं, हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. इन्शुलीनच्या रिकाम्या बाटलीत मी तेल भरलं, बूच बसवलं. ज्या भांड्यात हे तेल थिजलेलं राहील त्यात औषध राहील. ज्यात पातळ होईल ते भांडं बाद. मला स्वतःच्या अकलेचं इतकं कौतुक वाटलं की मी ते ह्यांना दोनदा समजावून सांगितलं.

पहिला माठ. नवा, पाझरणारा, भोवती ओलं पोतं गुंडाळलेला. आत वाटीत बाटली ठेवली. दुपारी काढली तर तेल पातळच्या पातळ. माठ बाद.

मग ह्यांच्या सोबत्याकडनं रुंद तोंडाचा थर्मास आणला. बर्फाचे तुकडे घातले, वर बाटली. संध्याकाळपर्यंत तेल पांढरं होतं, दुसऱ्या दिवशी दुपारी आत कोमट पाणी. शिवाय आतनं सगळी काच. एस.टी.त एक आदळा बसला की औषधात काचांचा भुगा. तोही बाद.

मग मिलमधल्या सुताराला धरलं. त्यानं चहाच्या खोक्याच्या फळ्यांची पेटी करून दिली, आत पत्र्याचा डबा, मधल्या जागेत दाबून भरलेला लाकडाचा भुसा. पेटी बघून मला देव भेटल्यासारखं झालं. बर्फाची लादी फोडून भरली, झाकण घट्ट लावलं आणि मुद्दाम उन्हाच्या खोलीत ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडली तर तेल कडेनं सुटायला लागलेलं. मी खाली बसले आणि रडले. लग्नाला सहा दिवस राहिले होते. पोर शेजारी येऊन म्हणाली, "आई, मी न्हाई आले तरी चालंल. मी हितं अप्पांजवळ राहते. मावशीला मी पत्र लिहिते." तिला मी जवळ घ्यायला हवं होतं. मी म्हणाले, "गप्प बस, शहाणी."

आमच्या पेठेत लग्नाकार्याला हातानं फिरवायचं पॉट आइस्क्रीम करून देणारे एक म्हातारे चाचा होते. बर्फातलं त्यांच्याइतकं कळणारं माणूस गावात नसेल. मी त्यांच्याकडं गेले आणि विचारलं, पेटीतला बर्फ जास्त थंड कसा करायचा?

त्यांनी विचारलं, "क्या रखनेका है बाई अंदर?"

इथं मी खरं बोलायचं होतं. एक वाक्य. पण चाचांच्या दारात आणखी दोन बायका उभ्या होत्या, आमच्याच बोळातल्या. मी म्हणाले, "लोणी. बहिणीच्या लग्नाला लोणी न्यायचंय."

"फिर मोटा नमक डालो," चाचा म्हणाले. "बरफ में नमक मारो. पत्थर के सरीका हो जाता, पत्थर."

चाचांनी लोण्याचं बरोबर सांगितलं. त्यांचा काडीचा दोष नाही. खडेमीठ घालून, रोज नवा बर्फ भरून मी परत परीक्षा घेतली. दोन दिवसांनी तेलाची बाटली काढली तर दगड. हाताला चटका बसावा इतकी गार. ह्यांनी ती टेबलावर आपटून बघितली. आम्ही दोघं हसलो, किती दिवसांनी कोण जाणे. तेल पातळ झालं की औषध तापलं, एवढंच त्या तेलाला सांगता येत होतं. औषध जास्तच गार झालं तर ते काय सांगणार? हा प्रश्न माझ्या मनात आलाच नाही. वैशाखातल्या सोलापुरात, जिथं पितळेची कडी हातानं धरवत नाही, तिथं जास्त गार असं काही असतं हे कुणाच्या मनात येईल?

लग्नाच्या तीन दिवस आधी, सकाळची सुई देऊन आम्ही तिघं निघालो. पेटीत दोन बाटल्या, फडक्यात गुंडाळून, मीठ मारलेल्या बर्फात पुरलेल्या. पेटी मी सीटखाली ठेवली आणि दोन्ही पाय वर ठेवून बसले. कंडक्टर म्हणाला, "काय हाय मावशी पेटीत?" मी म्हणाले, लोणी. आता ते मला पाठच झालं होतं.

करमाळ्यात अण्णांनी सोडावॉटरच्या दुकानातनं रोज बर्फाची सोय केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीचं दार लावून मी पेटी उघडली. दोन्ही बाटल्या दगड. देवाशप्पथ सांगते, मला इतका आनंद झाला की मी त्या कपाळाला लावल्या. मग एक बाटली तळव्यात धरून बसले, विरघळेपर्यंत. आमचं औषध दुधट असायचं, हातात फिरवलं की सारखं व्हायचं. त्या दिवशी ते सारखं होईना. आत बारीक चुरा तरंगत होता, नासलेल्या दुधासारखा. मी आणखी फिरवलं. थोडा चुरा विरला, थोडा काचेला चिकटून राहिला. खालून वैनी हाका मारत होत्या, करंज्या तळायच्या होत्या. मी सुई भरली आणि पोरीला दिली.

त्या दुपारपासून पोर पाणी पिऊ लागली. तांब्यामागनं तांब्या. सारखी परसात पळायची. दुसऱ्या दिवशी सकाळी, सुई देऊन झाल्यावर, मी तिची लघवी तपासली. निळं औषध काचेच्या नळीत घ्यायचं, त्यात थेंब टाकायचे, तापवायचं. निळं राहिलं तर छान, हिरवं झालं तर बरं, पिवळं झालं तर काळजी. ते विटेसारखं लाल झालं.

माझं डोकं फिरलं. घरभर खायचं मांडलेलं. येता-जाता प्रत्येक बाई तिच्या तोंडासमोर काहीतरी धरायची आणि मी "तिला जंत झालेत" म्हणून हात मागं सारायची. मी पोरीचा दंड धरला. "कोठीत जाऊन काय खाल्लंस?"

"काय न्हाई."

"खरं सांग."

"खरंच न्हाई खाल्लं. आई, औषधच लागंना बघ मला."

औषध लागत नाही? ज्या औषधापायी मी पंधरा दिवस बर्फ उपसला, त्या औषधाला ही नावं ठेवते? मी तिच्या कानाखाली वाजवली. वैनी दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "अवं, लेकरू हाय, खाल्लं असंल एखादं." त्यानं तर माझी खात्रीच पटली. पोर रडली नाही. गालावर हात ठेवून माझ्याकडं बघत राहिली. मी तिला माडीवरच्या खोलीत नेलं, पाण्याची घागर आत ठेवली आणि बाहेरनं कडी लावली. तिच्या भल्यासाठी. माझ्याच पोरीला मी चोरासारखं कोंडलं आणि खाली येऊन पाहुण्यांना गुळाचं सरबत दिलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी औषध वाढवून दिलं. सिरिंजवरच्या आणखी दोन खुणा जास्त. ती निपचित होती. "थकलीय," मी म्हणाले. "जागरण झालंय." आपण स्वतःला काय काय सांगतो. दुपारी अक्षता पडायच्या होत्या, वाजंत्री चालू होती. वैनी वरनं धावत आल्या आणि माझ्या कानात म्हणाल्या, "पोर उलट्या करतीया. श्वास बगा तिचा."

वर गेले. ती जमिनीवर पडली होती, छाती भात्यासारखी चाललेली, तोंडाला पिकल्या फळांचा गोड वास. हा वास मला माहीत होता. आजार निघाला त्या आठवड्यात तो आमच्या घरात होता.

तिला उचललं आणि तशीच मांडवातनं निघाले. माणसं वाटेत उभी, हातात अक्षता. कुणीतरी विचारलं, काय झालं? आणि दीड वर्ष दाबून ठेवलेलं माझ्या तोंडातनं बाहेर पडलं. "हिला साखरेचा आजार हाय. वाट सोडा." नवरदेवाचे वडील समोर होते. मला वाटलं, आता लग्न मोडतंय. त्यांनी फक्त हातातल्या अक्षता शेजाऱ्याच्या हातात दिल्या आणि म्हणाले, "आमची जीप हाय भायेर. चला." बहीण बोहल्यावर तशीच उभी होती. तिच्या डोक्यावर अक्षता पडल्या तेव्हा मी सरकारी दवाखान्यात होते.

तिथला डॉक्टर अगदी कोवळा होता. त्यानं सलाईन लावलं, मग आमची बाटली खिडकीच्या उजेडात धरली. काचेला चिकटलेला चुरा बघितला. "हे गोठलं होतं का?"

"व्हय," मी म्हणाले, आणि तेव्हासुद्धा माझ्या आवाजात थोडा तोरा होता. "दगडासारखं ठेवलं होतं. एकदाबी तापू दिलं न्हाई."

त्यानं बाटली खाली ठेवली. "बाई, गोठलं की हे औषध मरतं. तीन दिवस तुम्ही हिला पाणी टोचलंय."

ह्यांनी पिशवीतनं औषधाचं खोकं काढलं, त्यातली घडी घातलेली इंग्रजी चिठ्ठी काढली. दीड वर्षात ती कधी उलगडलीच नव्हती. मला इंग्रजी येत नाही. ह्यांना येतं, रोज हापिसात तेच करतात. वाचता वाचता ते बाकावर बसले.

"वाचा की मोठ्यानं," मी म्हणाले.

"गोठवू नये, असं लिहिलंय."

"थंड ठेवायचं म्हणजे जरा गारव्यात," डॉक्टर म्हणाला. "चार दिवसांचा प्रश्न होता. ओल्या फडक्यात, माठात ठेवलं असतं तरी भागलं असतं." तो वाईट बोलत नव्हता, पण मला त्याचं तोंड बंद करावंसं वाटलं. इन्शुलीन त्याच्याकडं नव्हतं. गावातल्या औषधाच्या दुकानांतही नव्हतं. "सोलापूर गाठा," तो म्हणाला. "थांबू नका कुठं."

भर दुपारी जीप निघाली. हे सलाईनची बाटली हातात उंच धरून बसलेले. पोरीचं डोकं माझ्या मांडीवर. उन्हाच्या झळा तोंडावर येत होत्या आणि मी तिच्यावर पदर धरून बसले होते. वैनींनी घाईघाईत पेटीही जीपमध्ये ठेवून दिली होती, बिचाऱ्यांना वाटलं त्यात औषध आहे. टेंभुर्णीच्या अलीकडं ती माझ्या पायाला लागली. मी लाथ मारून ती खाली ढकलली. फळ्या फुटल्या, भुसा उडाला. ड्रायव्हरनं मागं वळून बघितलं, पण जीप थांबवली नाही.

आधी पोर पाणी मागत होती. "आई, पाणी." मोहोळ यायच्या आत तिनं मागायचं थांबवलं. मी तिला हलवत होते, गालावर थापट्या मारत होते, ज्या गालावर आदल्या दिवशी मारलं होतं त्याच गालावर. ती डोळे उघडेना. कुठल्या देवाला काय बोलले ते आठवत नाही. सगळ्यांना सगळं बोलले. एवढं आठवतं की ह्यांचा हात भरून आला होता आणि मी त्यांच्यावर ओरडत होते, बाटली खाली घेऊ नका, खाली घेऊ नका.

सोलापुरात मोठ्या दवाखान्यात तिला आत नेलं आणि दार लागलं. दोन दिवस मी त्या दाराबाहेर फरशीवर बसले होते. नर्स सांगायची, "अजून काही नाही." बोळातली माणसं येऊन गेली. कोपऱ्यावरचा दुकानदारही आला. त्याला आता खरं कळलं होतं. तो म्हणाला, "सांगायचं होतं की ताई. पोरीचं हाय म्हटलं असतं तर मी दुकान पहाटे उघडलं असतं." त्याच्याकडं बघायची मला लाज वाटली. मला कुणी काही बोलत नव्हतं, आणि तेच सोसवत नव्हतं. हे सुद्धा नाही. ते तर शेजारी बसून माझ्या पाठीवर हात ठेवायचे, आणि मी तो झटकायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी नर्स म्हणाली, शुद्धीवर आलीय, एकेकानं आत जा. मी ह्यांना पुढं ढकललं. हे आधी गेले. थोड्या वेळानं बाहेर आले ते रुमालानं डोळे पुसत. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं. "जा आत," एवढंच म्हणाले.

ती पांढऱ्या चादरीत एवढीशी दिसत होती. ओठ फुटलेले. मला बघितलं तशी म्हणाली, "आई, एक सांगू? मारणार न्हाईस?"

"न्हाई गं बाळ."

"मी खाल्लं होतं. कोठीतले लाडू. दोन."

 त्या लग्नात लाडू नव्हतेच. साखर मिळाली नाही म्हणून अण्णांनी लाडू रद्द केले होते. गुळाच्या करंज्या आणि हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, एवढंच गोड होतं. ती कोठीत नुसती डोकावली असती तरी तिला ते कळलं असतं.

"तू न्हाई खाल्लंस," मी म्हणाले. "काय सुदीक खाल्लं न्हाईस तू. औषध माझ्या हातनं बिघडलं. मी चुकले."

तिनं सलाईन लावलेला हात कसाबसा उचलला आणि माझ्या तोंडावर ठेवला.

"हळू बोल की. मी अप्पांना बी लाडवाचंच सांगितलंय. न्हाईतर ते तुला रागावतील."